पाहुणीचं कार्ड

सिस्टरना नोकरी सोडून सोळा वर्षं झाली होती, तरी इस्त्रीवाल्यापासून औषधांच्या दुकानदारापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. लेक तेवढी आई म्हणे आणि धाकटी बहीण ताई. त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

दोऱ्याच्या कंपनीनं बायकांसाठी तीन मजली घर बांधलं ती गोष्ट साठ वर्षांपूर्वीची. कंपनी शिवणाच्या दोऱ्याची रिळं करायची, अजून करते. मालकांच्या आईला सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांच्या डोक्यातून हे निघालं. तळमजल्यावर बायकांचा दवाखाना, पहिल्या मजल्यावर शाळा सुटलेल्या बायकांचा दुपारचा वर्ग, आणि वर, जिथं उजेड भरपूर, तिथं चित्रं आणि मातीकाम. तेव्हा गल्लीतले पुरुष चेष्टेनं म्हणत, "खाली पोट, मध्ये डोकं, वर हात. पाय तेवढे राहिले." ते मोठ्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पाय त्यांचे त्या आणतील. जिना चढायचाय ना."

तिन्ही मजल्यांना मिळून एका बाईचं एकच कार्ड असे. जाड, पिवळसर, घडीचं. बाई आली की तारीख, कशासाठी आली ते, आणि शेवटच्या रकान्यात डाव्या हाताचा अंगठा. सही येणारीनंसुद्धा अंगठाच द्यायचा. एकीनं ऐटीत सही करायची आणि शेजारचीनं शाईत बोट बुडवायचं, हे मोठ्या बाईंना चालत नसे. कार्डावर खाडाखोडही चालत नसे. चूक झाली तर जिनं लिहिलं तिनंच लाल शाईनं एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर काय ते लिहायचं आणि ज्या बाईची ती नोंद असेल तिचा अंगठा घ्यायचा.

मोठ्या बाई गेल्या आणि दर सहा महिन्यांनी कार्डं कंपनीच्या कचेरीत तपासायला जाऊ लागली. कचेरीतला कारकून म्हणजे कोणाचा तरी दीर, कोणाचा तरी मामा. पंचाईत झाली ती तिथं. बायका दारापर्यंत यायच्या आणि कार्डाचं नाव काढलं की माघारी फिरायच्या.

तेव्हा सिस्टरनी आणि वरच्या मास्तरीणबाईंनी मिळून एक कार्ड तयार केलं. त्यावरची बाई कुठंच नव्हती. नाव मास्तरीणबाईंनी सुचवलं, आणि लिहून झाल्यावर ते दोघींपैकी कुणी पुन्हा तोंडानं उच्चारलं नाही. आपसात त्या तिला पाहुणी म्हणत. "आज पाहुणी येतेय बरं का," असं मास्तरीणबाई जिन्यातून म्हणाल्या की सिस्टर मागच्या दाराची कडी काढून ठेवत. ज्या बाईला स्वतःच्या नावावर येता येत नसे, ती पाहुणीच्या कार्डावर येऊन जाई.

आठ वर्षांत अशा अकरा जणी आल्या. एकीच्या सासऱ्यानं पुस्तकं चुलीत घातली होती, तिनं पाहुणी म्हणून परीक्षा दिली आणि पहिली आली. एकीला सातवं मूल नको होतं, तिचं ऑपरेशन झालं. शेजारच्याच गल्लीतली एक जण तीन वर्षं चोरून मातीची डोकी करत होती. इतकी हुबेहूब, की त्यांच्याकडे पाठ करून बसायला सिस्टरना नको वाटे.

आणि अकरावी होती सिस्टरची धाकटी बहीण. वीस वर्षांची. ज्यानं तिला शब्द दिला होता तो बोटीवर नोकरीला म्हणून गेला तो गेलाच. सिस्टरनी तिला पाच महिने आपल्या खोलीवर ठेवलं, घरी कळवलं की नर्सिंग शिकतेय. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. सिस्टरनी पाहुणीच्या कार्डावर लिहिलं, 'प्रसूती, मुलगी, आई व बाळ सुखरूप,' आणि धाकटीचा अंगठा घेतला. मूल सिस्टरनीच ठेवून घेतलं. विचारणाऱ्याला सांगितलं, दवाखान्यात आलेली एक बाई सोडून गेली. खोटं म्हणावं तर कार्डावर तसंच होतं. पुढं धाकटीचं लग्न झालं, तेही कंपनीतल्याच माणसाशी. आता तिला नातवंडं होती, आणि नवरा अजून दारातल्या खुर्चीत बसून घरातल्या एकेकाची हजेरी घ्यायचा.

हे सगळं माहीत असणाऱ्या तीन बायकांपैकी मास्तरीणबाई वारल्या होत्या. उरल्या दोघी बहिणी, आणि त्या याबद्दल कधीच बोलत नसत.

*

त्या दिवशी दुपारी, आता ते घर चालवणाऱ्या ट्रस्टच्या मॅडमचा फोन आला. मॅडम कसली, तिशीची पोरगी, पण कामाला वाघ.

"सिस्टर, साठावं वर्ष आहे ना, त्यासाठी जुनी कार्डं काढली. एक बाई सापडलीय. तिन्ही मजल्यांवर, आठ वर्षं. आम्ही यशोगाथा शोधत होतो, ही तर आयतीच हाताला लागली."

सिस्टर हातातली कपबशी खाली ठेवायला विसरल्या.

"एकच जरा विचित्र आहे. ऑपरेशन झाल्यावर तीन वर्षांनी बाळंतपण लिहिलंय. होतं का असं?"

शेहेचाळीस वर्षांत हे सिस्टरच्या ध्यानात आलं नव्हतं. धाकटीच्या काळजीत पाहुणीचं ऑपरेशन होऊन गेल्याचं त्या साफ विसरल्या होत्या. "होतं," त्या म्हणाल्या, "हजारात एखादीचं."

"आणि अंगठे वेगवेगळे वाटतात मला. बघू, सगळी कार्डं मशीनवर घेतोय आम्ही. पेन्शनवाल्यांच्या घरच्यांचे अंगठे विम्यासाठी घेतलेले आहेतच. जुळवले की सोमवारपर्यंत कळेल कोणता अंगठा कुणाचा, कोण कुठं राहतं. मग घरी जाऊन सगळ्यांसमोर सत्कार."

धाकटीचा अंगठा विम्याच्या कागदावर होता. मॅडम फुलं घेऊन धाकटीच्या दारातल्या त्या खुर्चीसमोर उभ्या आहेत, असं सिस्टरना दिसलं.

"ती नाही आता," सिस्टर म्हणाल्या. "वारली. झाली पुष्कळ वर्षं."



"असं कसं, सिस्टर? ती तर इथं बाकावर बसलीय. सकाळपासून."

*

रस्ता दहा मिनिटांचा. सिस्टरना अर्धा तास लागला. फाटकावर म्हातारा वॉचमन उभा होता, त्यांच्याच वेळचा.

"या. तुमची पाहुणी आलीय."

हा शब्द त्यांनी आणि मास्तरीणबाईंनी सोडून कधी कुणी वापरला नव्हता. "तुम्हाला कुणी सांगितलं, पाहुणी म्हणून?"

"तीच म्हणाली. म्हातारी आहे हो, तुमच्याएवढी. डावा पाय ओढत चालते."

दवाखान्याच्या दारात नवी डॉक्टरीण भेटली. "ती बाई तुमच्या ओळखीची ना? पंचेचाळिशीची असेल. तपासून घे म्हटलं तर म्हणते, माझं सगळं तपासून झालंय."

जिन्यावरून चित्रांच्या वर्गाची शिक्षिका उतरत होती. "कोण, ती मुलगी? विशीतली? नखांत माती भरलेली. मला वाटलं आमच्याच वर्गातली."

सिस्टरनी कठडा घट्ट धरला. आयुष्यभर त्या रक्ताला भ्यायल्या नव्हत्या, मेलेल्या माणसालाही नाही. पण कार्डांच्या खोलीचं दार ढकलायला आता त्यांना वेळ लागला.

बाई खिडकीकडे पाठ करून बसली होती. अंगावर राखाडी शाल. सिस्टर एकदा पाहिलेला चेहरा विसरत नसत. हा चेहरा त्यांनी नक्की पाहिलेला होता, पण कुठला ते जुळेना. कपाळ परीक्षेत पहिली आलेल्या बाईचं होतं. हनुवटीकडे नजर गेली तर ती ऑपरेशनवालीची, आणि पुन्हा वर पाहावं तर कपाळ बदललेलं. सगळा चेहरा एकदम बघू गेलं की डोळ्यांना पाणी येई.

"बसा, सिस्टर. चालत आलात का? रिक्षा करायची."

"कोण तू?"

"हे तुम्ही विचारता?" बाईनं टेबलावरचं कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. "तुमचंच अक्षर आहे ना? आणि मास्तरीणबाई गेल्या त्या मला कुणी कळवलंसुद्धा नाही. इतकी वर्षं येतेय मी इथं."

तिच्या आवाजात राग नव्हता. घरचीच कुणी जरा रुसून बोलावी तशी ती बोलत होती.

"काय हवंय तुला?"

"माझं आहे तेवढंच. मॅडम म्हणतात, ओळखणाऱ्याची सही लागते. तुम्ही केलीत की सगळे अंगठे माझे. मशीन मग कुणाचं दार वाजवणार नाही. धाकटीचंही नाही." तिनं शाल नीट केली. "परीक्षा माझी, ऑपरेशन माझं, वरची मातीची डोकी माझी. मुलगी माझी."

सिस्टर काही बोलणार तेवढ्यात मॅडम हसत आत आल्या. "झाली का भेट? सिस्टर, रागावू नका, मी तुमच्या लेकीला फोन केलाय. तिची जन्मदाती सापडलीय, तिला नको का कळायला? चारला येतेय ती."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. लेक दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. आता हात धुऊन निघालीही असेल. लहानपणी ती विचारायची, माझी खरी आई कशी होती गं? सिस्टर सांगायच्या, चांगली होती. एवढंच. नंतर तिनं विचारायचं सोडलं.

"नाक तिचं माझ्यावर गेलंय," पाहुणी म्हणाली. सिस्टरनी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लेकीचं नाक होतं, सर्दीनं लाल होतं तसं टोकाशी लालसर.

सही नाही केली तर धाकटीचं घर सोमवारी उठणार. केली तर चार वाजता लेक या बाईच्या गळ्यात पडणार, आणि कागद म्हणेल तेच खरं होणार. सिस्टरनी चष्मा लावला आणि कार्ड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. ऑपरेशनच्या ओळीवर त्या थांबल्या. मग बाळंतपणाच्या ओळीवर. मग परत मागं गेल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "लाल शाईचं पेन आहे?"

"आहे की. का?"

"यात एक चूक आहे माझी. ऑपरेशन झालेल्या बाईला मूल कुठून होणार?"

"तुम्हीच म्हणालात ना, हजारात एखादीला?"

"म्हणाले. लाज वाटली म्हणून म्हणाले."

पाहुणी सरळ बसली. खोलीत ओल्या मातीचा वास आला.

सिस्टरनी बाळंतपणाच्या ओळीवर रेघ मारली. रेघ सरळ आली. वर लिहिलं, 'ही नोंद या कार्डावरची नाही. प्रसूती माझी स्वतःची,' आणि खाली आपलं पूर्ण नाव, जे त्यांनाच लिहिताना परकं वाटलं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "म्हणजे, सिस्टर, तुमचं तर लग्न…"

"नव्हतं झालं. नोकरी गेली असती. म्हणून दुसरीच्या कार्डावर घातलं."

"सिस्टर," पाहुणी हळूच म्हणाली, "तेवढी एकच तर जिवंत होती माझ्याकडे."

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं नाही. शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि धाकटीच्या फिक्या ठशावर टेकवला. मग राहिलेल्या दहा जणींच्या नोंदींखाली ओळखणारी म्हणून सही केली. पाहुणीनं मशीनवर अंगठा ठेवला. मॅडम एकेक ओळ तपासत गेल्या. सगळे अंगठे एकाच बाईचे निघाले. लाल रेघेवरचा तेवढा सिस्टरचा.

"बरंय," मॅडम म्हणाल्या. त्या सिस्टरच्या नजरेला नजर देईनात. "तुमचंही नाव होतं सत्काराच्या यादीत. ते मी वर विचारून कळवते."

*

लेक धापा टाकत जिन्यात भेटली. बाह्यांवर कवळ्यांची गुलाबी पूड तशीच. "कुठाय?"

"ती नव्हे," सिस्टर म्हणाल्या. "मी."

"काय मी?"

"तुझी आई. पोटची."

लेक तिथंच पायरीवर बसली. "शाळेत मला उचलून आणलेली म्हणायच्या, तेव्हा तू बाजूला उभी होतीस. शेहेचाळीस वर्षं, आई. एखाद्या दिवशी तरी तुझी जीभ वळवळली नाही?"

घरी जाताना मात्र लेकीनं त्यांचं कोपर धरलं ते दारापर्यंत सोडलं नाही. सिस्टरना वाटलं, निभावलं. बदनामी आपल्या वाट्याला आली, ती आपण पेलू.

चार दिवसांनी औषधांच्या दुकानात मातीची डोकी करणारी भेटली. आता तीही सत्तरीची. आसपास कुणी नाही असं बघून सिस्टर म्हणाल्या, "काळजी करू नको हो. तुझं कुणाला कळणार नाही."

"माझं काय?"

"वरच्या मजल्यावरचं. मातीकाम."

ती हसली. "तुम्ही मला दुसरीच कुणी समजताय. मला कणीक नीट तिंबता येत नाही, मातीकाम कुठलं?"

ती सोंग करत नव्हती. सिस्टर मुद्दाम तिच्या घरावरून गेल्या. खिडकीत एक मातीचं डोकं असायचं, लहान मुलाचं, वर्षानुवर्षं. तिथं फक्त धुळीत एक गोल उरला होता. परीक्षेत पहिली आलेल्या बाईकडे गेल्या, तर तिनं चष्मा सापडत नाही असं सांगून औषधाची चिठ्ठी सुनेकडून वाचून घेतली. तिचा चष्मा डोळ्यांवरच होता.

पाहुणीनं आपलं होतं तेवढं नेलं होतं. दहा जणींची भीती गेली, आणि भीती सोसून मिळवलेलंही तिच्याबरोबर गेलं. आणि नेताना सही होती सिस्टरची.

त्यांनी घरी येऊन धाकटीला फोन लावला.

"ताई, बरं झालं सांगून टाकलंस लेकीला," धाकटी म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता. इतका मोकळा तो त्यांनी ती वीस वर्षांची होण्याआधी शेवटचा ऐकला होता. "किती वर्षं मनात धरून बसलीस. मला तर ते दोन दिवस अजून दिसतात. तू कण्हत होतीस आणि मी तुझ्या उशाशी. मी तुला म्हणत होते, ताई, मला घाबरवू नकोस."

"धाकटे, मी उशाशी होते."

"तू कशी असशील उशाशी? खाटेवर होतीस ना तू."

"नीट आठव. ती झाल्यावर तू काय म्हणालीस? तिला कुणाकडे दिलंस?"

"मी कशाला देऊ? ताई, तुझी तब्येत ठीक आहे ना? थांब हं, हे हाक मारताहेत." तिनं फोन ठेवला, घाईत, जशी कुणीही बहीण ठेवते.

धाकटीकडून ते पाहुणीनं नेलं नव्हतं. त्या ओळीवर अंगठा सिस्टरचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला बसल्या असताना त्यांची नजर खाली गेली. बेंबीच्या खाली कातडीवर चंदेरी रेघा होत्या, बारीक, जुन्या. हजारो बायकांच्या पोटांवर त्यांनी त्या पाहिल्या होत्या. बोट फिरवलं तर ते किंचित खडबडलं. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. रेघा गेल्या नाहीत.

संध्याकाळी लेक त्यांच्याजवळ येऊन बसली. राग निवला होता. बराच वेळ टॉवेलांच्या घड्या घातल्यावर तिनं विचारलं, "आई, माझ्या वेळी फार त्रास झाला का गं तुला?"

खरं सांगायला आता कुणीच आड येत नव्हतं. ज्या घराला जपायचं होतं त्या घरातलं ते पुसलं गेलं होतं. 'तुझी मावशी' एवढं म्हटलं की पुढचं सुटत गेलं असतं. सिस्टरनी तेच म्हणायला तोंड उघडलं. धाकटीचा घामेजलेला चेहरा डोळ्यांसमोर आणू पाहिला, उशीवरचा. तो उशीवर येईना. तो वर होता, त्यांच्यावर वाकलेला, आणि त्याच्या मागे छतावरचा ओलीचा पिवळा डाग, जो खाटेवर पडल्याशिवाय दिसत नसे.

"झाला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे तर वाटलं, आता काही आपण उठत नाही."

"मग?"

मग त्या सांगत गेल्या. कळा कशा कमरेतून यायच्या, खाटेची लोखंडी पट्टी पाठीला कशी लागायची, धाकटी कशी रडायची. लेक डोळे पुसत ऐकत होती. सांगताना सिस्टर एकदाही अडखळल्या नाहीत, कारण त्यांना सगळं आठवत होतं.